शेजारच्या घरातले भांडण

रत्नागिरीला आलेल्या पाहुण्याने टिळकांचे जन्मस्थान पाहिले, मांडवीच्या धक्क्यावर वारा खाल्ला, रत्नदुर्गावरून सूर्यास्त पाहिला, की यजमान म्हणतात, "आता एवढा थिबा राजवाडा पाहून घ्या, म्हणजे झाले!" उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्यांचा तो तांबूस वाडा पाहून पाहुणा मान डोलावतो, मुलांना "ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा, बरं का!" असे सांगतो आणि परत फिरतो.

माझी मुलगी लहान असताना तिने मला त्या वाड्याच्या पायऱ्यांवर विचारले, "बाबा, त्यांचा राजा आपल्याकडे कशाला आला?" मी म्हटले, "इंग्रजांनी आणून ठेवला." उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. इंग्रजांनी आणला हे खरे. परंतु इंग्रजांना त्याच्या दारात पाय टाकायला फट कुठे मिळाली, हे मी सांगितले नाही, कारण तेव्हा ते मलाच नीटसे ठाऊक नव्हते. ह्या दिवाळीला त्या उत्तराची थकबाकी फेडावी, असा बेत आहे. थिबाच्या वाड्यातून निघालेली वाट आजच्या मिझोरामपर्यंत, ढाक्यापर्यंत, बँकॉकपर्यंत आणि मुंबईच्या पोलीस कचेरीपर्यंत जाऊन पोचते, हे वाचकांस प्रथम अतिशयोक्तीचे वाटेल. पण थोडा धीर धरावा, एवढीच विनंती आहे.

आरंभीच एक खुलासा. ह्या देशाचे अधिकृत नाव १९८९ पासून म्यानमार आहे आणि रंगूनला यांगॉन म्हणतात. टिळकांच्या मंडालेमुळे आपल्या कानांत 'ब्रह्मदेश' हेच नाव बसले आहे. म्हणून मी तेच वापरतो.

वाड्यातले कारस्थान

मिंडॉन राजा १८७८ साली वारला. राण्या पुष्कळ, मुलगे त्याहून पुष्कळ, आणि गादीचा वारस मात्र ठरलेला नाही. एका कारस्थानी राणीने एकोणीस-वीस वर्षांच्या, मठात वाढलेल्या थिबाला पुढे केले, आपली मुलगी त्याला दिली आणि त्याला गादीवर बसविले. पुढच्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा ऐंशीच्या आसपास भाऊबंदांची राजवाड्यात कत्तल झाली. घर निर्धास्त झाले असे राणीला वाटले. प्रत्यक्षात ते पोकळ झाले होते. प्रांतांत अंमल राहिला नाही, खजिना रिता झाला, आणि आधारासाठी दरबार फ्रेंचांकडे पाहू लागला. इंग्रजांना हेच खुपत होते. निमित्तही मिळाले, आणि तेही आपल्या मुंबईचे! मुंबईत नोंदलेल्या 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ह्या लाकडाच्या कंपनीवर ब्रह्मी दरबाराने १८८५ साली सागाच्या ओंडक्यांवरून जबर दंड बसविला. नोव्हेंबरात इंग्रजांची सेना इरावतीतून वर गेली, दोन आठवड्यांत मंडाले पडले, आणि १८८६ साली थिबा आपल्या कोकणात येऊन राहिला. १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा झाला, आणि १९१६ साली ह्याच गावी त्याचा अंत झाला.

इंग्रजांचा लोभ होताच, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण लोभी शेजारी प्रत्येकाच्याच दाराशी असतो. घरात फूट पडली नाही तर तो दाराशीच राहतो. फूट पडली की माजघरात येतो. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण पोरांच्या भांडणात वापरतो. राष्ट्रांच्या बाबतीत ती अधिकच खरी आहे.

शब्द दिला आणि शब्द गेला

आता साठ वर्षे पुढे येऊ. ब्रह्मदेशचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्ये इरावतीचे सुपीक खोरे. तिथे ब्रह्मी भाषा बोलणारे बौद्ध लोक, देशाच्या वस्तीत सुमारे दोनतृतीयांश. भोवती घोड्याच्या नालेसारखी डोंगरांची रांग. तिथे चिन, काचिन, शान, करेन अशा निरनिराळ्या भाषांच्या आणि धर्मांच्या जमाती. इंग्रजांनी खोऱ्याचा कारभार एका रीतीने आणि डोंगरांचा दुसऱ्या रीतीने केला. दुसऱ्या महायुद्धात खोऱ्यातली तरुण सेना आधी जपान्यांबरोबर होती. करेन आणि काचिन इंग्रजांच्या बाजूने लढले. एकमेकांचे रक्त सांडलेले हे लोक एका घरात नांदायचे कसे?

तो पेच सोडविण्याचा यत्न आँग सान ह्या तरुण पुढाऱ्याने केला. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी शान टेकड्यांतील पांगलाँग ह्या गावी त्यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांबरोबर करार केला. डोंगरातल्या लोकांना आपल्या अंतर्गत कारभारात स्वायत्तता आणि खोऱ्यातल्या लोकांच्या बरोबरीचे हक्क, हा त्याचा गाभा. ब्रह्मी माणसाला एक रुपया मिळाला तर तुम्हालाही एक रुपया मिळेल, असे आश्वासन आँग सान यांनी दिल्याचे आजही त्या डोंगरांत सांगतात. करेन मंडळी त्या करारात आली नाहीत. तेव्हा घर संपूर्ण बांधून झाले होते असे नव्हे. पण पाया तरी घातला गेला होता.

पाच महिन्यांनी, १९ जुलै १९४७ रोजी, रंगूनच्या सचिवालयात मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना एका प्रतिस्पर्धी पुढाऱ्याची माणसे बंदुका घेऊन आत शिरली. आँग सान आणि त्यांचे सहा सहकारी मंत्री ठार झाले. आँग सान अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्या टेबलाभोवती जे पडले त्यांत एक मुसलमान होता, एक करेन होता, एक शान सरदार होता. नवा देश कसा असावा ह्याचे ते एक लहानसे चित्रच होते. ते चित्र त्या सकाळी फाटले.

४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. ही वेळ ज्योतिष्यांनी काढून दिली होती. आपल्याकडेही मध्यरात्रीचा मुहूर्त साधला गेलाच होता, तेव्हा हसण्याचे कारण नाही. पण मुहूर्त साधून संसार होत नाही. दिलेला शब्द पाळून होतो. तीन महिन्यांत कम्युनिस्टांचे बंड उठले, वर्षभराने करेन उठले. १९४९ मध्ये अशी वेळ आली की जग ब्रह्मी सरकारला थट्टेने 'रंगूनचे सरकार' म्हणू लागले, कारण शहराबाहेर त्याचा अंमल फारसा उरला नव्हता.

ओसरीवर आलेले परके सैन्य

घरमालकाचे लक्ष भांडणात असले की ओसरीवर कोण येऊन बसले हे त्याला कळत नाही. चीनमध्ये १९४९ साली कम्युनिस्टांचा विजय झाला, तेव्हा चँग कै-शेकच्या पराभूत फौजेतले काही सैनिक युनान प्रांतातून सरहद्द ओलांडून ब्रह्मदेशच्या शान टेकड्यांत उतरले. जनरल ली मी हा त्यांचा सेनापती. अमेरिकेने त्यांना छुपी मदत केली. ती सयाममार्गे, म्हणजे थायलंडमार्गे, येई. ब्रह्मदेश बिचारा तटस्थ! नव्या चीनला मान्यता देणारा तो पहिला बिगरकम्युनिस्ट देश. आणि त्याच्याच भूमीवरून चीनवर चढाईचे बेत चाललेले. १९५३ साली ब्रह्मी सरकारने अमेरिकेची मदत नाकारली आणि संयुक्त राष्ट्रसंघात गाऱ्हाणे मांडले. काही सैनिक विमानाने फॉर्मोसाला नेण्यात आले. पुष्कळसे तिथेच राहिले. पोट भरण्यासाठी त्यांनी अफूचा धंदा वाढविला. ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस यांच्या सीमांवरचा तो कुप्रसिद्ध 'सोनेरी त्रिकोण' पुढे भरभराटीला आला, त्यात ह्या मंडळींचा मोठा हात होता.

इथे एखादा वाचक म्हणेल, "ह्यात ब्रह्मदेशच्या राजकारणाचा काय दोष? संकट तर बाहेरून आले!" शंका रास्त आहे. पण पुढची पायरी पाहा. परक्या फौजेला हुसकण्यासाठी ब्रह्मी लष्कर शान टेकड्यांत गेले. तिथे लष्करी कायदा आला. गावकऱ्यांना ह्या सैनिकांचा जाच त्या सैनिकांहून कमी वाटेना. पांगलाँगला शब्द देणारे ते लोक हेच का, असे शान तरुण विचारू लागले, आणि १९५८ पासून त्यांनीही बंदुका उचलल्या. बाहेरच्या आगीने घर पेटले हे खरे. परंतु आधी घर कोरडे पडलेले होते. आणि एकदा पेटल्यावर ठिणग्या उलट शेजाऱ्यांच्या छपरांवर उडू लागल्या.

१९६१ साली पंतप्रधान ऊ नू यांनी बौद्ध धर्म हा राज्यधर्म केला. ऊ नू वृत्तीने सज्जन आणि श्रद्धाळू. बहुसंख्यांना बरे वाटावे, निवडणुकीतला शब्द पाळावा, एवढाच त्यांचा हेतू असेल. पण काचिन डोंगरात बहुतेक लोक ख्रिस्ती; त्यांना वाटले, आपण ह्या घरचे नव्हेच. त्याच वर्षी काचिन बंडाला तोंड फुटले. एका समाजाला खूश करण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत सगळ्या देशाला कशी द्यावी लागते, ह्याचे हे उदाहरण.

सेनापतीचे घर

२ मार्च १९६२. डोंगरातल्या लोकांना अधिक अधिकार कसे द्यावेत ह्यावर विचार करण्यासाठी शान पुढारी रंगूनला जमले होते. त्याच रात्री सेनापती ने विन यांनी सत्ता घेतली. संघराज्याची भाषा म्हणजे देश मोडण्याची भाषा, असे लष्कराचे म्हणणे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थैक हे शान सरदार. त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी ते तुरुंगातच वारले. ज्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष तुरुंगात मरतो, त्या देशात डोंगरावरचा साधा माणूस न्यायाची आशा ती काय धरणार?

सेनापतींनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. 'ब्रह्मी पद्धतीचा समाजवाद' आला. बँका, गिरण्या, अखेर दुकानेसुद्धा सरकारजमा झाली. त्याचा फटका आपल्या लोकांना बसला. एके काळी रंगूनच्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. गोदीत, भातगिरण्यांत, रेल्वेत, पेढ्यांवर तेच. १९४२ साली जपानी आले तेव्हा लाखो हिंदी लोक जंगलवाटांनी पायी भारतात आले आणि हजारो वाटेतच मेले. आता साठीच्या दशकात आणखी सुमारे तीन लाखांना जवळजवळ रिकाम्या हाताने जहाजात बसावे लागले. मद्रासचा 'बर्मा बाजार' ह्याच निर्वासितांसाठी वसला. काहींना मद्रासेत करमेना. ते ईशान्येकडून पायी परत जायला निघाले, सीमेवर अडविले गेले आणि मणिपुरातल्या मोरे ह्या गावी राहिले. मणिपूरच्या डोंगरात तमिळ देऊळ कसे, असा अचंबा करणाऱ्या प्रवाशाला त्याचे उत्तर रंगूनच्या लष्करी कचेरीत शोधावे लागते.

ने विन यांचे आणखी एक राज्यकर्तृत्व गृहिणींना विशेष कळेल. १९८७ साली त्यांनी २५, ३५ आणि ७५ च्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. मोबदला काहीही नाही. आणि नव्या नोटा काढल्या त्या ४५ च्या आणि ९० च्या, कारण नऊ हा आकडा त्यांना शुभ! डब्यात साठवलेला पैसा रातोरात रद्दी झाला. एके काळी जगात सर्वांत अधिक तांदूळ विकणारा हा देश. त्याच वर्षाअखेर संयुक्त राष्ट्रसंघाच्या अतिमागास देशांच्या यादीत जाऊन बसला. कायद्याचा व्यापार बुडाला तेव्हा चोरटा व्यापार फोफावला. सरहद्दीवरच्या नाक्यांवर बंडखोर जकात वसूल करीत आणि त्या पैशातून बंदुका घेत. सेनापतींच्या अर्थशास्त्राने सेनापतींच्याच शत्रूंना पोसले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर आले. गोळीबारात हजारो पडले. १९९० च्या निवडणुकीत आँग सान यांची कन्या सू ची यांच्या पक्षाला ४९२ पैकी ३९२ जागा मिळाल्या. लष्कराने निकाल बासनात गुंडाळून ठेवला.

घरचा कोण, परका कोण?

आता ह्या कहाणीतले सर्वांत दुःखाचे पान. पश्चिमेकडे, बांगलादेशला लागून, आराकान प्रांत आहे. तिथले रोहिंग्या मुसलमान पिढ्यान् पिढ्या तिथलेच. १९८२ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. १८२३ च्या आधीपासून देशात वसलेल्या जमातींचेच लोक जन्मसिद्ध नागरिक, असे त्यात ठरले. साल मोठ्या हिशोबाने घेतलेले आहे: पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले ते १८२४ साली. सरकारी यादीत रोहिंग्यांचे नाव नाही. म्हणजे ते बिनघरचे.

हा कायदा कागदावर पूर्णपणे 'अंतर्गत बाब' आहे. पण परिणाम पाहा. १९७८ साली, कायद्याच्या आधीच, नागरिकत्व तपासणीच्या मोहिमेपायी दोन लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. १९९१-९२ साली सुमारे अडीच लाख. २०१७ च्या ऑगस्टपासून लष्कराने गावेच्या गावे जाळली तेव्हा सात लाखांहून अधिक. कॉक्स बाजारजवळचे कुतुपालाँग हे जगातील सर्वांत मोठे निर्वासित शिबिर झाले. बांगलादेश आधीच दाटीवाटीचा. तिथल्या मजुराची मजुरी उतरली, टेकड्यांवरचे जंगल सरपणासाठी तुटले, शिबिरांत गुंडांच्या टोळ्या माजल्या. रंगूनमध्ये केलेल्या एका व्याख्येचा दंड चितगावकडचा शेतमजूर भरतो आहे, आणि त्याला कुणीही कौल विचारला नव्हता.

तोवर सू ची सत्तेवर आल्या होत्या, पण अर्ध्याच. लष्कराने २००८ साली केलेल्या राज्यघटनेने संसदेच्या चौथाई जागा आणि तीन मुख्य खाती सेनापतीच्या हातात ठेवली होती. २०१९ च्या डिसेंबरात त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्या आणि लष्करावरील आरोप त्यांनी खोडून काढण्याचा यत्न केला. घरातली बहुसंख्या दुखवायची नाही आणि लष्करालाही सांभाळायचे, अशी त्यांची कसरत असावी. त्या कसरतीने लष्कर काही वळले नाही. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या; १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सेनापती मिन आँग लाईंग यांनी त्यांना अटक केली.

चार दारे

त्या पहाटेपासून ब्रह्मदेशच्या घरातून चार दारांनी चार गोष्टी शेजाऱ्यांकडे येऊ लागल्या.

पहिल्या दाराने माणसे आली. चिन डोंगरातून तीस हजारांहून अधिक माणसे मिझोराममध्ये आली. चिन आणि मिझो हे एकाच रक्ताचे. आलेल्यांना परत पाठवा, असे मार्च २०२१ मध्ये दिल्लीहून पत्र आले. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना कळविले की हे आमचे भाऊ आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्हांला पाठ फिरविता येणार नाही. गावोगावी लोकांनी आपल्या घासातला घास दिला. पुढे पराभूत ब्रह्मी सैनिकही जीव वाचविण्यासाठी त्याच वाटेने आले. २०२४ च्या जानेवारीत तर दोनशेंहून अधिक सैनिक एकदम मिझोराममध्ये शिरले आणि त्यांना विमानाने परत पाठवावे लागले. ज्यांनी पळवून लावले ते आणि जे पळून आले ते, दोघेही एकाच डोंगरात आसऱ्याला! ईशान्येत ब्रह्मदेशशी आपली १,६४३ किलोमीटरची हद्द आहे. नागालँडच्या लोंग्वा गावात तर ती सरदाराच्या घरातूनच जाते. दोन्हीकडच्या आप्तांना १६ किलोमीटरपर्यंत बिनपरवाना येण्याजाण्याची मुभा होती. २०२४ साली ती केंद्र सरकारने आवळली. मणिपूरमधल्या २०२३ च्या हिंसाचाराची मुळे मणिपूरच्याच मातीत आहेत, त्यासाठी शेजाऱ्याला दोष देऊन चालणार नाही. पण 'पलीकडून आलेला कोण आणि इथला कोण' हा प्रश्न त्या वादात शिरला, आणि वाद अधिक कडू झाला. आराकानात जो प्रश्न सात लाखांना घराबाहेर काढून गेला, त्याच प्रश्नाची सावली आपल्या हद्दीत पडलेली पाहून मन चरकते.

दुसऱ्या दाराने शस्त्रे. ईशान्येतले आपले बंडखोर पूर्वीपासून ब्रह्मदेशच्या जंगलात तळ ठोकून असत. जून २०१५ मध्ये मणिपुरात १८ जवान मारले गेले तेव्हा आपल्या सैन्याला सीमेवर मोठी कारवाई करावी लागली होती. ज्या जंगलात कुणाचाच अंमल नाही, तिथे सर्वांची बंदूक चालते.

तिसऱ्या दाराने विष. २०२३ साली ब्रह्मदेशात १,०८० टन अफू पिकली, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे, आणि अफगाणिस्तानला मागे टाकून हा देश जगात पहिला झाला. अंतर्गत यादवीत शेतकऱ्याला भात बाजारात नेता येत नाही. अफू मात्र घेणारा दारात येतो.

आणि चौथे दार अगदी नवे. थायलंडच्या सीमेवर म्यावडीच्या परिसरात उंच भिंतींआड इमारती उभ्या राहिल्या. नोकरीच्या आमिषाने देशोदेशींच्या तरुणांना तिथे नेऊन डांबायचे आणि दूरध्वनीवरून, संगणकावरून जगभरच्या लोकांना फसवायला लावायचे, हा धंदा. ब्रह्मदेशात अशा रीतीने किमान १,२०,००० माणसे डांबली गेली असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कचेरीने २०२३ साली दिला. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले. पुढच्या महिन्यात महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनीही साठांहून अधिक भारतीयांची सुटका केली. पुण्या-मुंबईच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाला 'मी अमुक कचेरीतून बोलतो' असा दूरध्वनी येतो आणि त्याची आयुष्याची पुंजी जाते; तेव्हा बोलणारा आवाज कदाचित म्यावडीत कोंडलेल्या आपल्याच कुणाच्या तरी मुलाचा असतो. मुंबईच्या पोलीस कचेरीपर्यंत वाट जाते, असे मी आरंभी म्हटले, ते ह्यामुळे.

शेजाऱ्यांचा हिशोब

मग शेजाऱ्यांनी काय केले? १९९७ पासून ब्रह्मदेश हा आग्नेय आशियातील राष्ट्रांच्या 'आसियान' ह्या संघाचा सभासद आहे. 'एकमेकांच्या घरगुती गोष्टीत लक्ष घालायचे नाही' हा त्या संघाचा कुळाचार. तरीही एप्रिल २०२१ मध्ये जाकार्ताला पाच कलमांचा ठराव झाला: हिंसा थांबवा, सर्वांनी बोलणी करा, इत्यादी. सेनापतींनी मान डोलावली आणि परत जाऊन आपलेच केले.

चीनने दोन्ही दरडींवर पाय ठेवले. आराकानच्या किनाऱ्यावरून युनानपर्यंत त्याची तेलाची आणि वायूची नळवाट जाते. ती सुखरूप राहावी ही त्याची मुख्य काळजी. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्तरेकडच्या तीन बंडखोर सेनांनी एकजुटीने हल्ला चढविला, तेव्हा चीनने प्रथम काणाडोळा केला, कारण चिनी लोकांना लुबाडणारे अड्डे त्यामुळे उठत होते. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाशिओचे मोठे ठाणेच पडले, तेव्हा त्याने बंडखोरांचे नाक दाबले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ते शहर पुन्हा लष्कराला मिळाले.

भारताचीही कोंडी कमी नाही. १९८८ साली आपण लोकशाहीवाद्यांची बाजू घेतली. पुढे ईशान्येतली बंडे आणि चीनचे वाढते वजन पाहून लष्कराशीही जुळवून घेतले. आपण सितवे बंदर बांधून दिले, त्यातून मिझोरामला मालाची वाट काढायचे ठरविले. पण २०२४ च्या जानेवारीत वाटेवरचे पालेत्वा गाव आराकान सेनेने घेतले. डिसेंबरात बांगलादेशलगतची सगळी हद्द तिच्याच ताब्यात आली. म्हणजे बांगलादेशच्या दारापलीकडे आता सरकारऐवजी एक सेना उभी राहिली. तिच्याशी बोलावे तर ब्रह्मी लष्कराला राग, न बोलावे तर निर्वासितांचे काय करावे, हा प्रश्न!

२८ मार्च २०२५ रोजी मंडालेजवळ मोठा भूकंप झाला. तीन हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच धक्क्याने सुमारे हजार किलोमीटरवर, बँकॉकमध्ये, बांधकाम चालू असलेली एक गगनचुंबी इमारत क्षणात कोसळली. जमिनीखाली सरहद्दी नसतात, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. राजकारणाचे धक्केही तसेच जातात; फक्त त्यांना पोचायला कधी एक रात्र लागते, कधी चाळीस वर्षे.

मुलीचा प्रश्न

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. परवा चकलीच्या भाजणीसाठी उडीद निवडताना तिने पिशवीवरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "बाबा, हे तर बर्माहून आलेत!" आश्चर्य नाही. आपल्याकडे बाहेरून येणारा उडीद मुख्यतः तिथूनच येतो. २०२१ साली दोन्ही सरकारांत पाच वर्षांचा करार झाला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. गोळ्या झडत असतानाही तिथला शेतकरी उडीद पेरत राहिला आणि आपली चकली खुसखुशीत राहिली.

तेव्हा मी तिला जुन्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले. म्हटले, त्यांचा राजा आपल्याकडे आला कारण त्याच्या घरात घरच्यांनाच जागा उरली नव्हती. पुढे सेनापतींनी तेच केले: ज्यांना शब्द दिला होता त्यांना परके ठरविले, आणि मग राज्य टिकविण्यासाठी बंदुकीखेरीज काही हाती राहिले नाही. घरातल्यांना परके करणारे राज्य शेजाऱ्यांना सुखाने राहू देत नाही. त्याची इच्छा असो वा नसो.

ती म्हणाली, "मग आपण काय करायचे?"

प्रश्न कठीण आहे. शेजारच्या घरात सैन्य घेऊन शिरता येत नाही. शिरणाऱ्यांनी काय केले हे थिबाचा वाडा सांगतोच. पण तीन गोष्टी करता येतात. त्यांच्या भांडणात आपला फायदा पाहू नये. जीव मुठीत धरून दाराशी आलेल्याला, मिझोरामच्या गावकऱ्यांप्रमाणे, आधी पाणी द्यावे आणि मग कागदपत्रे विचारावी. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्याच घरातली आहे: आपण ज्यांना बरोबरीचा शब्द दिला आहे, तो पाळावा. आपणही कुणाचे तरी शेजारी आहोत.

रत्नागिरीत थिबाची समाधी आहे. त्याची थोरली राजकन्या अखेर ह्याच गावची होऊन राहिली, गरिबीत दिवस काढून इथल्याच मातीत मिसळली. राजाला इंग्रजांनी कैदी म्हणून आणले. त्याच्या मुलीला रत्नागिरीकरांनी गावची म्हणून ठेवून घेतले. पुढच्या खेपेस तो वाडा पाहायला गेलो, की मुलांना हेही सांगायचे, असे मी ठरविले आहे.